वाचल्याची सही

सिडको, नाशिक
२३ नोव्हेंबर २०२५

चि. संघर्षला पप्पांचा जयभीम.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. आत्या म्हणाली, दिंडोरीला आल्यापासून पोटभर जेवतोस, गोळ्या वेळेवर घेतोस, द्राक्षबागेत घड विरळायलाही जातोस. बरं वाटलं. इकडे थंडी पडलीय. गिझर पुन्हा बिघडला. तुझी आई मेथीचे लाडू पाठवतेय.

तृप्ती मॅडमचा फोन आला होता. तीन मंगळवार तू समुपदेशनाला गेला नाहीस. कारण विचारलं, तर मी म्हणालो, आत्याकडे गेलाय. एवढंच म्हणालो.

त्यांनी तुला लिहायला दिलेली वही मी वाचली, बाबा. वाचली ती वाचली, शिवाय पानाखाली सहीही ठोकली. एकतीस वर्षं ऑफिसात टेबलावर येईल तो कागद वाचायचा, कोपऱ्यात सही, तारीख. हात आपसूक गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ती सही बघून तू बॅग भरलीस. तुझा राग रास्त आहे.

पण मला लिहायचंय ते वेगळंच आहे.

मॅडमनी तुला शिकवलं होतं, आवाज आला की घाबरायचं नाही, घरातल्या भरवशाच्या माणसाला विचारायचं, खरंच कुणी बोललं का. त्या दिवशी तू स्वयंपाकघराच्या दारात आलास. "पप्पा, तुम्ही आत्ता काही बोललात?"

मी म्हणालो, "नाही रे."

वहीत तू लिहिलंस: 'पप्पांचा आवाज. म्हणाला, "हा आता जन्मभर उरावर बसणार." विचारलं. ते बोलले नव्हते. म्हणजे आजाराचाच आवाज.'

आजाराचा नव्हता, संघर्ष. मी बोललो होतो, तुझ्या आईला. दवाखाना, गोळ्या, लोकांचे प्रश्न, थकलो होतो. पण ही काही सबब नाही. तुझे कान बरोबर होते. मी तुला ते चुकीचे ठरवायला लावले. आई त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते.

हे सांगून तुझं बरं होईल की आणखी बिघडेल, मला खरंच कळत नाही. मॅडमना विचारायचं तर कुठल्या तोंडानं विचारू? चार वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला.

मंगळवारी मात्र जा. मी सोबत येत नाही. हे पत्र त्यांना दाखव हवं तर.

यापुढे खरं-खोटं कुणाला विचारायचं ते तू ठरव. मला विचार, असं म्हणायला तोंड उरलेलं नाही.

त्या दिवशी बोललेले,
तुझे पप्पा