विकलेल्या कूलरच्या मागोमाग

आई,

आज मी एका गिऱ्हाइकाला कूलर दिला नाही. माणूस आपल्या मानवत गावचाच, घरात लग्न आहे, पाहुणे येणार म्हणून घाईत होता. कूलरला नवा रंग, पंख्याचा आवाज नाही, त्याला तो बघताक्षणी पसंत पडला. मी म्हटलं, आतली मोटर करंट सोडतेय, ती बदलल्याशिवाय हा दुकानाबाहेर जाणार नाही. "ताई, चालू तर हाय की," तो म्हणाला. चालू असणं वेगळं आणि विकण्याजोगं असणं वेगळं, हे तुझं वाक्य मी त्याला जसंच्या तसं ऐकवलं. तो कुरकुरत निघून गेला. मग मला काही काम सुचेना. कूलरसमोर स्टूल घेऊन बसले आणि तुझ्याशी बोलावंसं वाटलं.

बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होते. करंट तपासायचा टेस्टर धरायला तू त्यांच्याकडून शिकलीस आणि ते गेल्यावर बाजारपेठेत हे जुन्या सामानाचं दुकान टाकलंस. बदली झालेले मास्तर, बँकेतली माणसं गाव सोडताना इस्त्री, मिक्सर, सोफे तुझ्याकडे देऊन जायची. लोकांना वाटायचं, पुसायचं आणि विकायचं, एवढाच हा धंदा. तू मात्र प्रत्येक वस्तू आधी उघडायचीस. वायरीला चिकटपट्टीचा जोड दिसला की अख्खी वायर बदलायचीस. दुरुस्त होण्यापलीकडे गेलेल्या इस्त्रीची वायर बुडापासून कापून टाकायचीस, म्हणजे भंगारातून उचलून कुणी ती पुन्हा लावू नये. पाथरीच्या एका मोठ्या घरातून आलेला सोफा आठवतो? लाकूड शिसवी, वरचं रेक्झिन तेवढं फाटलेलं. तू शिवण उसवून आतला फोम चिमूटभर काढलास, मागच्या अंगणात फरशीवर ठेवलास आणि काडी लावलीस. तो भपकन पेटला, वितळून थेंब थेंब गळायला लागला आणि काळ्या धुरानं आपण दोघी खोकत मागं सरलो. शेजारचे गादीवाले काका म्हणाले, "वहिनी, नवं रेक्झिन चढवा, कोण बघायलंय आत?" तू म्हणालीस, "त्याच्यावर लेकरं झोपतेल, भाऊ." लाकडाची चौकट ठेवलीस, बाकी सगळं काढून टाकलंस.

पण मला सांगायचंय ते त्या उन्हाळ्याचं. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीत दुकानात बसायचे. सोनपेठच्या अलीकडच्या एका गावातून एक म्हातारेबाबा आले होते. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, पत्र्याचं घर, बाळ उकाड्यानं रडून रडून बेजार. तू कूलर चालवून दाखवलास, टेस्टर लावून दाखवलास, तीन पिनांची नवी वायर जोडलीस आणि विचारलंस, "घरी तीन भोकांचा बोर्ड हाय ना, बाबा?" ते हो म्हणाले. भाड्याच्या जीपच्या टपावर कूलर बांधून गेले.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता, दुकानात गर्दी. तोच जीपवाला बाजाराला आलेला, सहज डोकावला. "तुमचा कूलर लय भारी निघाला, मावशी," तो म्हणाला. "बोर्डात पिन बसंना, मग वरची जाड पिन पकडीनं तोडली. आता मस्त चालू हाय." तुझ्या हातातला मिक्सर तू खाली ठेवलास. गिऱ्हाइकांना म्हणालीस, "आज दुकान बंद." मी म्हटलं, आई, माल विकलाय, आता त्यांचं ते बघतील. तू माझ्याकडे बघितलंस, रागानं नाही. म्हणालीस, "त्यो कूलर माझ्या हातातून गेलाय. चल."

जीपवाला बाजार उठेपर्यंत निघणार नव्हता, म्हणून एसटीनं पाथरी, तिथून सोनपेठची गाडी, फाट्यावरून उन्हात पायी. तू झपझप चालत होतीस, आणि मला तुझ्याबरोबर राहायला पळावं लागत होतं.

आपण दारात पोचलो तेव्हा कूलर घरघरत होता. बाजेवर ती बाळंतीण, तिच्या कुशीत बाळ. तिची आई ओल्या पायांनी बादली घेऊन कूलरकडे निघालेली. तू उंबऱ्यातूनच म्हणालीस, "आक्का, थांबा. हात लावू नका त्याला." आवाज मोठा नव्हता, पण ती जागच्या जागी थांबली. म्हातारेबाबा चिडले. "इकलेला माल परत न्यायला आलाव का?" तू चपलेसकट आत गेलीस आणि टेस्टर कूलरच्या पत्र्याला टेकवलास. टेस्टरमधला दिवा लालभडक पेटला. मग ती आक्काच हळू आवाजात म्हणाली, "कालपासून झिणझिण करायलंय हाताला. आमाला वाटलं, गारव्यानं."

तू बटन बंद केलंस. पण नुसत्या बटनावर तुझा भरवसा नसायचा, म्हणून पिनही ओढून काढलीस. कूलर उघडून दाखवलास. टपावर हेंदकाळत येताना पाण्याच्या मोटरीची वायर पत्र्याच्या धारेवर घासून सोलली होती. तिसरी पिन आणि तिला जोडलेलं अर्थिंग असतं तर करंटला जमिनीत जायची वाट होती. दोन्ही नव्हतं, म्हणून तो पत्र्यात येऊन माणसाची वाट बघत होता. म्हातारेबाबा भिंतीला टेकून खाली बसले. तू त्यांना एका शब्दानंही बोलली नाहीस. एवढंच म्हणालीस, "सोनपेठहून वायरमन बोलवा. अर्थिंग करून घ्या, बोर्ड बदला. तवर ह्यो चालू होणार न्हाई."

वारा थांबला तसं बाळ रडायला लागलं. आणि मग तू जे केलंस ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. तू बाजेशेजारी मांडी घालून बसलीस, भिंतीवरचं सूप घेतलंस आणि बाळाला वारा घालायला लागलीस. वायरमन येईपर्यंत, त्यानं सोललेली वायर, पिन आणि बोर्ड बदलून, परसात खड्डा खणून, कोळसा-मीठ घालून अर्थिंग करेपर्यंत. आक्का म्हणाली, "द्या इकडं, तुमचा हात भरून आला आसंल." तू म्हणालीस, "त्याचा वारा मी बंद केलाय ना." मी दाराशी उभी राहून बघत होते. माझी आई, घामानं चिंब, परक्या घरात, परक्या बाळाला वारा घालतेय. माणूस एवढा मोठा असू शकतो आणि तो आपल्याच घरात रोज भाकरी थापत असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. उन्हं कलल्यावर तू कूलर चालू करून पुन्हा टेस्टर लावलास, दिवा लागला नाही. निघताना आक्काला समोर उभं करून तू तिच्याकडून म्हणवून घेतलंस, आधी पिन काढायची, मग पाणी भरायचं.

तू गेल्यापासून दुकान मी चालवते. लोक मोबाईलवर फोटो बघून जुन्या वस्तू घेतात, न उघडता, न तपासता. मी मात्र प्रत्येक वस्तू उघडते. माझ्यामुळे कुणाचं काही वाचलं की नाही, हे मला कधी कळत नाही. कळणारही नाही. या कामात नीट केलेलं काही दिसतच नाही, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

हे पत्र कुठे पाठवायचं, ते काही मला माहीत नाही. पण एक कबूल करते. मला करंटची अजून भीती वाटते, आई. पहिल्या दिवसाइतकीच. प्रत्येक जुन्या वस्तूची पिन लावताना मी समोरच्याला ती दिसू नये म्हणून काहीतरी बोलत राहते. त्या दिवशी तुलाही वाटली होती का, एवढं विचारायचं माझ्याच्यानं कधी झालं नाही.