चेतनाच्या वाट्याचं ऊन

म्हसावद,
११ मे २०२५

चि. धर्मेंद्र यास सिंधूचे आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. केळीला पाणी पुरतंय. गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या पापडासारख्या वाळत घातल्यात, तुला आवडतात तशा. फोनवर दोन वाक्यं झाली की तू "बरं, ठेवतो" म्हणतोस, म्हणून कागद घेतला.

तुझी चेतना मजेत आहे. सुट्टीला आली तेव्हा जरा थकलेली वाटली, एवढंच. जिना चढताना कठडा धरायची, खाली बसली की भिंतीला हात टेकून उठायची. सोळा वर्षांची पोर आणि उठणं माझ्यासारखं! मी चिडवलंसुद्धा. मग एकदा पाय चोळून देताना नडगीवर नुसतं बोट दाबलं, तर कळवळली.

शहाद्याला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं तर ड जीवनसत्त्व पार तळाला गेलेलं. मला हसूच आलं. खानदेशच्या लेकीला उन्हाचा दुष्काळ! मी म्हटलं, "अहो, तिचा बाप दूध, तूप, बदाम, काही कमी पडू देत नाही." ते म्हणाले, "मावशी, दुधातलं कॅल्शियम अंगी लागायला हेच लागतं. आणि हाडं भरायचं वय हेच आहे." आठवड्याला एक पुडी दिलीय. रोज हातपाय उघडे ठेवून उन्हात बसायलाही सांगितलंय, फार तापायच्या आत.

बसवते. शेजारची दगूबाई ओरडते, "पोर काळी पडी जाई ना वं!" पडू दे. नाशकात पहाटे क्लासच्या हॉलमध्ये शिरायचं, पडदे लावलेले, बाहेर यायचं ते दिवस मावळल्यावर. रविवारी निघालीच तर स्कार्फ आणि हातमोजे. तूच घेऊन दिलेस ना? बिबड्यांना आपण चार उन्हं दाखवतो रे धर्मा, पोरीला एकही नाही.

आता खरं लिहिते. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मंगळवारी अंगणाच्या पायरीवरून घसरली आणि तेवढ्यानं मनगट मोडलं. दुखण्यापेक्षा तिला तुझीच भीती. मला, आत्याला, म्हणते, "फुई, बाबाले नको सांगू, क्लास बुडी जाई." तू समोर नव्हतास तेच बरं, इतका राग आला मला.

बावीस तारखेला तू तिला न्यायला येणार आहेस. ये, जेवून जा. पण ती तुझ्याबरोबर येणार नाही. बारावी इथूनच, शहाद्याच्या कॉलेजात करणार म्हणते. तुझ्यासमोर हे बोलायची तिची छाती होत नाही. माझी होते.

आधी चेतनाची फुई,
मग तुझी बहीण,
सिंधू