भाऊजींच्या अकरा गायी

३ मार्च
हाकललं! सख्ख्या मेहुणीला गोठ्याच्या दारातून हाकललं भाऊजींनी. "लस टोचली की दोन-तीन दिवस दूध कमी होतं. पुढच्या महिन्यात ये." लाळ्या-खुरकूत रोग काय यांना विचारून येणार आहे? दहा वर्षं गायींना लसी टोचतेय मी! बर्फाची पेटी खांद्याला अडकवून आले तशी परतले. ताई आत चुलीकडे वळली.

५ मार्च
पुन्हा गेले. "मेहुणीबाई, तुमच्या सुईपेक्षा तुमची जीभच जास्त टोचते," म्हणे. ताईसुद्धा हसली. मीही हसले — त्याचाच जास्त राग येतोय.
अकरा गायी. ताईचं घर त्याच दुधावर चालतं. भाऊजींना कळत नाही असं थोडंच आहे? कळतं, पण वळत नाही!

८ मार्च
आला! तळ्यापलीकडच्या गोठ्यात रोग आला. सकाळीच बोलावणं. दोन गायींच्या तोंडाला फेस, जिभेवर फोड, पाय टेकवत नव्हत्या. माझं डोकंच फिरलं. तिथून तरातरा ताईकडे. भाऊजी नव्हते, बरंच झालं! सरळ गोठ्यात घुसले, एकेकीचा जबडा उघडून पाहिला. अकराही ठणठणीत.
तेवढ्यात भाऊजी आले. म्हटलं, "आता तरी टोचू द्या."
"सोमवारी बघू."
सोमवारी!!

९ मार्च
बोलणार नाही. मेले तरी बोलणार नाही त्या माणसाशी.

१२ मार्च
ताईचा फोन. नुसती रडत होती. चार गायींना ताप, लाळ गळतेय, चारा तोंडात धरत नाहीत. धावत गेले. भाऊजी डोक्याला हात लावून बसलेले, आणि मी तोंड सोडलं — "तुमच्या हट्टापायी! ताईच्या संसाराची माती केलीत!" आणखीही बरंच. शेजारीपाजारी ऐकत होते. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — खूप बरं वाटलं.

१३ मार्च
जनावरांचे डॉक्टर वही घेऊन आले. "गेल्या आठवड्यात गोठ्यात बाहेरचं कोण आलं होतं?"
भाऊजी म्हणाले, "कोणी नाही हो. मेहुणी तेवढी आली होती, पण ती घरचीच."
आजारी गोठ्यातून निघालं की आधी अंघोळ, कपडे बदलायचे, बूट धुवायचे, आणि त्या दिवशी दुसऱ्या गोठ्यात पाऊल टाकायचं नाही. लसीकरणाच्या कामावर येणाऱ्या नव्या मुलींना पहिल्याच दिवशी मी हे शिकवते. ८ तारखेला माझे बूट तेच होते. हातही तेच.
डॉक्टरांनी लिहिलं — कोणी नाही. मी शेजारीच उभी होते.