कढीपत्त्याला पाणी कोण घालत होतं?

प्रिय बाबा,

परवा विज्ञानाचा पेपर आहे आणि मी उजळणी सोडून तुम्हाला पत्र लिहायला बसलेय. रागावू नका. खरं तर रागवायची पाळी माझी आहे. मला तुमच्यावर शक आहे, पक्का शक! आणि तुम्ही दिवाळीच्या आधीच निघून गेलात, आता समोर बसवून विचारायची पण सोय नाही. आई आत तयार होतेय, तेवढ्या वेळात लिहिते.

आज दुपारी जीवशास्त्र काढलं. पचन झालं, श्वसन झालं. हृदयाची आकृती तर मी डोळे मिटून काढते, तुम्हीच घोटून घेतलीत. ऑफिसातून आलात की जेवणाच्या टेबलाजवळच्या खिडकीपाशी बसायचात, माझं पुस्तक हातात घ्यायचात आणि प्रश्नांचा मारा सुरू. पण उत्सर्जन आलं की भराभर पानं उलटायचात. "हे सोप्पं आहे, तू आपलं आपण वाच." बाबा आणि काही सोडून देतील? एक स्वल्पविराम सुटला तर परत लिहायला लावणारा माणूस!

म्हणून आज तेच आधी वाचलं. किडनी रक्त गाळते, जास्तीचं पाणी बाहेर टाकते. तिचं काम बिघडलं की पाणी अंगातच साठतं. पाय सुजतात, डोळ्यांखाली फुगतं. बाबा, तुमच्या त्या नव्या चपला! पावसाळ्यात एक नंबर मोठ्या घेतल्यात आणि मला म्हणालात, "वयाबरोबर पायही वाढतात." मी हसलेसुद्धा! संध्याकाळी फूलबागेत फिरायला गेलो की अर्ध्या फेऱ्यातच बाक शोधायचात, आणि वर मलाच म्हणायचात, "दमलीस ना? बस जरा." मी कधी दमले होते?

मग वनस्पती. मुळांनाही हवा लागते म्हणे. कुंडीत सारखं पाणी साचलं तर मुळं गुदमरतात, सडतात, पानं पिवळी पडून गळतात. वाचता वाचता माझी नजर खिडकीवर गेली. आपला कढीपत्ता!

पावसाळाभर तो पिवळा पडत होता आणि आई रोज मलाच बोलत होती. "किती पाणी ओततेस ग त्याला?" मी शपथेवर सांगायचे, मी नाही ओतत. कोणी ऐकेल तर ना. आणि आता बघा, थंडी सरली तसा फुटलाय, हिरवागार. तुम्ही गेल्यावर.

आपल्या घरात आईचा कायदा आहे. भांडं काठोकाठ भरून ती ताटाशी ठेवणार आणि पाणी संपवल्याशिवाय उठायचं नाही. तुमचं भांडं रोज रिकामं असायचं. पण पिताना तुम्ही मला दिसलात का? किती आठवलं, नाहीच आठवत. कुंडी मात्र तुमच्या हाताशीच होती.

मी तशीच उठून स्वयंपाकघरात गेले. आई पोळ्या लाटत होती.

"आई, सच सांग. बाबांना पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं ना?"

"अभ्यास कर."

"हाच अभ्यास चाललाय!"

तिने लाटणं खाली ठेवलं. मग सगळं सांगितलं. राखीच्या सुमारास डॉक्टर म्हणाले होते, दिल्लीला जा, मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागेल. मला कळू द्यायचं नाही, घरात सगळं रोजच्यासारखं चालू ठेवायचं, असं तुमचं ठरलं. म्हणजे ती भरायची, तुम्ही ओतायचात, आणि बोलणी मला! वा रे वा! दोघं मिळून?

ते जाऊ दे. माझा खरा प्रश्न दिल्लीचा आहे. तुम्ही म्हणाला होतात, आपण दिल्ली बघायला जाऊ. मग एकदम रद्द. "मुक्ता, तुझी दहावी होऊ दे, मग निवांत जाऊ." बाबा, ती दिल्ली फिरायची नव्हती ना? माझ्या परीक्षेसाठी थांबलात का? तसं असेल तर परवा मी कुठल्या हाताने पेपर लिहू?

हे मी आईलाही विचारलं. ती भडकलीच. "वेडी आहेस का? तुझी परीक्षा नुसतं निमित्त. घाबरले होते ते! साधी सुई टोचायची तरी तोंड फिरवायचे. मी पाया पडले, तर म्हणे, मुक्ताची दहावी होऊ दे. आणि दिवाळीसुद्धा बघितली नाही त्यांनी."

मला इतका राग आला बाबा, आणि त्याच दमात रडू आलं. भीती वाटत होती तर सांगायचं ना! मी आले असते बरोबर. हात धरून बसले असते. माझं नाव कशाला पुढे केलंत?

आणि हे तरी खरं कशावरून? माझ्या जिवाला लागू नये म्हणून आई झूठ बोलत असेल तर? मी तिच्याकडे टक लावून बघत राहिले. तिने नजर चुकवली नाही. पण ओटा घट्ट धरून उभी होती.

"काय होतंय ग?"

"काही नाही. चक्कर येते अधूनमधून. तुझा पेपर होऊ दे, मग दाखवू कोणाला तरी."

ऐकलंत बाबा?

मी गॅस बंद केला. अर्ध्या पोळ्या तशाच पडल्यात. आई साडी बदलतेय आणि आतून ओरडतेय, "अगं, नापास होशील!" झाले तर झाले.

तुम्हाला शब्द देते. माझ्या परीक्षेच्या आड या घरात यापुढे कोणी लपणार नाही. पेपर परवा आहे. आईला मी आज नेतेय.

तुमची,
मुक्ता