सेनापतीचा डावा हात

१२ जानेवारी, सोमवार

दूध उतू गेलं! भांडणामुळं गेलं, वयामुळं नव्हे — हे इथं लिहून ठेवते, कारण घरात कुणी ऐकून घेणार नाही.

झालं असं — सकाळी हे फिरून आले ते बूट न काढताच सांगायला लागले, स्टँडमागचं थेटर पाडायला घेतलंय, जेसीबी लागलाय. वाईट वाटलं. लग्नानंतरचे सगळे सिनेमे आम्ही तिथंच पाहिले, ढेकणांसकट. मग थेटरवरून गाडी गेली तंबूवर. माझ्या माहेरच्या जत्रेत टुरिंग टॉकीजचा तंबू लागायचा. हे शेजारच्या गावाहून सायकलवर डबलसीट यायचे, पण तेव्हा आमची ओळख नव्हती. सुखाचे दिवस! आणि तंबूचा विषय निघाला की सेनापतीचा निघणारच.

राजाराणीचा, तलवारींचा सिनेमा. नाव लिहीत नाही, नाव काढलं तरी माझं डोकं उठतं. शेवटी राणीला दोरानं बांधलेलं असतं आणि सेनापती एका घावात दोर तोडतो. डाव्या हातानं! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हे म्हणतात, उजव्या. लग्नापासून म्हणतात.

"अगं, डावखुरा हिरो कधी असतो का?"

का नसावा? मी तावातावानं ओट्याकडं पाठ फिरवली, तेवढ्यात दूध.

१३ जानेवारी

ह्यांनी केदारला फोनवर दुधाचं सांगितलं. चहाडखोर! मागं एकदा किल्ली आत राहून दार ओढलं गेलं होतं, तेही सांगून झालंय. मग काय, चिरंजीव सुरू — "आई, तुला विसरायला होतंय. आता पुण्याला चला दोघं."

पुण्याला जाऊन करू काय? सातव्या मजल्यावरून लोकांचे वाळत घातलेले कपडे बघू? इथं नेवाशात निम्मा बाजार माझ्या वर्गात बसून गेलाय. भाजीवाला अजून मला बघून बिडी लपवतो. तिथं मला कोण घाबरणार?

१४ जानेवारी, संक्रांत

झुंबरबाई वाण घेऊन आली. माझी माहेरची मैत्रीण, तीही इथंच दिलेली. तंबूत आम्ही दोघी एकाच पोत्यावर बसायचो. ह्यांच्यासमोर मुद्दाम विचारलं.

"डाव्याच हातानं की! म्या पाह्यलंय. लई जोरात हाणली हुती."

हे म्हणतात, "एकाच पोत्यावरची साक्ष धरत नाहीत कोर्टात."

मग आम्ही दोघी बोलतच बसलो. बाप्यांची बाजू निराळी, बायांची निराळी, आत शिरायच्या वाटासुद्धा दोन. बाहेर जनरेटर धडधडायचा. सिनेमाच्या सुरुवातीच्या नावांच्या पाट्या आम्हाला कधी म्हणजे कधी वाचता आल्या नाहीत. माझी आई मास्तरांची बायको, त्यामुळं तिला विचारायचे सगळे. तिनं ठरवूनच टाकलं होतं — इंग्रजी असतं ते! झुंबरची आई पाट्या लागल्या की हात जोडायची. काहीतरी देवाधर्माचं असणार म्हणून.

हसून हसून पोट दुखलं. तिळगूळ देऊनही ह्यांच्याशी गोड बोलले नाही.

१८ जानेवारी

केदारला तो सिनेमा मोबाईलवर सापडला! बघितला नाही अजून, सव्वीसच्या सुट्टीला प्रोजेक्टर आणून गच्चीवर मोठा करून दाखवणार म्हणे. मी ताबडतोब पैज लावली — डावा निघाला तर पुण्याचं नाव काढायचं नाही. उजवा निघाला तर मुकाट्यानं येईन.

"नक्की ना, आई?"

"नक्की. आणि तुझ्या बापाला साक्षीला ठेव."

ह्यांनी मान डोलावली. जरा जास्तच उत्साहानं.

१९ जानेवारी

रात्री भीती वाटली. उजवा निघाला तर?

नुसत्या सिनेमाचं असतं तर सोडून दिलं असतं. शाळेत डावखुऱ्या पोरांच्या हातावर मी कधी पट्टी मारली नाही, ती ह्या सेनापतीमुळं. दुसऱ्या बाई मारायच्या. तोच खोटा निघाला तर माझ्या डोक्यात खरं काय उरलं?

२४ जानेवारी, शनिवार

केदार आणि रुचा आले. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांमागं दोन तास अडकले, तरी सूनबाई हसतमुख. माझी धुतलेली डबलबेडची चादर तिनं पडदा म्हणून गच्चीच्या मधोमध दोरीवर ताणली. "आई, तुमच्या बाजूनं आहे मी," कानात म्हणाली. गुणाची पोर.

२५ जानेवारी

हरले.

झुंबरलाही बोलावलं होतं. चिवडा, चहा, थाटमाट. सिनेमा सुरू झाला आणि पाट्या चक्क मराठीत! मी आईला मनातल्या मनात हसले. सेनापती आला. मग दोर. उजवा हात. स्वच्छ उजवा! केदारनं थांबवून दोनदा दाखवला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. "येते पुण्याला," म्हटलं आणि तोंड धुवायच्या निमित्तानं चादरीच्या पलीकडं टाकीपाशी गेले. रडू आलं, खोटं कशाला लिहू. तिकडं दोर तुटला तरी लढाई उरलीच होती. पदरानं डोळे पुसून वर बघते तर —

डावा!

सेनापती डाव्या हातानं हाणत होता! मी ओरडलेच. सगळे धावले, ह्यांना वाटलं मी पडले. तेवढ्यात सिनेमा संपला आणि चादरीवर आली शेवटची पाटी — उलटी. आईचं इंग्रजी!

झुंबर कपाळावर हात मारून खाली बसली. "आगं बया! आपल्याला पडद्याच्या पाठीमागं बशिवलं हुतं की गं! म्हनूनच त्यो दिवा डोळ्यात घुसायचा!"

खरंच. त्या तंबूची रीतच ती. बाप्ये पुढं, बाया मागं. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. समोर पडदा दिसतोय म्हणजे आपण पुढंच, एवढंच ठाऊक.

केदार म्हणाला, "मग दोघंही बरोबर?"

"दोघं कशाला? मी जे पाहिलं तेच सांगितलं. माझी जागा चुकीची होती, डोकं नाही!"

रुचानं टाळ्या वाजवल्या. केदारनं कोपरापासून हात जोडले. पुण्याचं नाव काढणार नाही म्हणाला.

२६ जानेवारी

शाळेत झेंड्याला गेले. सगळ्यांना सांगितलं. दोनदोनदा.

दुपारी मुलं गेली. ह्यांनी रात्री अर्धीच भाकरी खाल्ली. हरले की असंच करतात, कॅरममध्येसुद्धा.

२७ जानेवारी

आज सकाळपासून पेपर धरून बसलेले. शेवटी मीच म्हटलं, "एवढं काय फुगायचं? सेनापती तुमचा मामा होता का?"

पेपर खाली न ठेवताच म्हणाले, "मला जायचं होतं."

"कुठं?"

"पुण्याला."

मला आधी हसूच आलं. मग पेपराआडूनच सगळं सांगितलं ह्यांनी. मागल्या आठवड्यात मी दळण आणायला गेले होते तेव्हा ह्यांना न्हाणीत चक्कर आली. नळाला धरून बसून राहिले, मी येईपर्यंत. मी परतले तेव्हा मला म्हणाले होते, अंघोळीला उशीर झाला. आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही.

"मग बोलायचं नाही का, अहो?"

"केदारनं फ्लॅट घेतला तेव्हा काय काय बोललो मी त्याला. खुराडं म्हणालो. आता कुठल्या तोंडानं म्हणू, मला ने?"

म्हणजे माझ्या दुधाच्या चहाड्या ह्यासाठी! असा राग आला ना — पण तो टिकेना. ह्यांचा हात हातात घेऊन बसले. गार पडला होता. किती वर्षांत धरला नव्हता.

२८ जानेवारी

केदारला फोन केला. हे समोरच बसले होते, पेपरात तोंड घालून. म्हटलं, "बाळा, ये आणि घेऊन जा आम्हाला. मला आताशा फार विसरायला होतंय."