पोचा आलेली घागर

आई, "पाव्हण्याकडं जाताना मानूस तोंड धुतं, मग घागर तशीच कशी धाडू?" असं तू म्हणाली होतीस. शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांनी आपली तांब्याची घागर चित्र काढायला आठ दिवस मागितली होती. भोरला तेव्हा राजांचं राज्य होतं आणि मी नऊ वर्षांची होते. मास्तरांना ती होती तशी हवी होती, काळवंडलेली, हिरवे डाग पडलेली. तू चिंच आणि राख लावून अशी घासलीस की मास्तरांनी कपाळाला हात लावला. "बाई, जे काढायचं होतं तेच तुम्ही धुऊन टाकलंत!" तू म्हणालीस, "मग धुतल्यालं काडा. आन् त्यो पोचा तेवढा भिंतीकडं करा, मास्तर. लोकं बघत्यात."

मास्तरांनी पोचा नेमका समोर ठेवला. तू रोज दुपारी मला घेऊन त्यांच्या दारात उभी. "झालं का न्हाई? मडक्यानं पानी भरून कंबर गेली माजी." चित्र पुरं झालं त्या दिवशी तू उंबऱ्यातूनच चित्रातला पोचा पाहिलास, घागर उचललीस आणि चालू लागलीस. "माज्या बाचा आहेर त्यो. त्याची पार शोभा केली," एवढंच वाटेत बोललीस. त्यानंतर चित्र बघायला कितीदा बोलावणं आलं, पण तू गेली नाहीस.

परवा मास्तरांच्या सुनेनं ते चित्र मला आणून दिलं. खिडकीपाशी ठेवलंय. घागर इतकी खरी आहे की हात लावला तर गार लागेल. पोच्याच्या खळग्यात बोटाच्या पेराएवढा हिरवा रंग दिसतो. आधी वाटलं, घासायचा राहिलेला डाग असेल. जवळ जाऊन पाहते तर ते लुगडं आहे. दारात उभं, एक हात कमरेवर. तू आहेस, आई. तुझा एकही फोटो नाही आपल्याकडे. तू घासली नसतीस तर त्या घागरीत उमटलीच नसतीस. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले, चूल विझून गेली तरी.

तो पोचा वासरानं लाथ मारून आला, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. नीरेच्या घाटावर घागर माझ्याच हातून सुटली. हे पत्र चित्राच्या मागं खोचून ठेवतेय, दुसरीकडं कुठं टाकणार? एकदा ये आणि त्या पोच्यात बघ. "मला न्हाई बघायचं," म्हणशील, ठाऊक आहे. तरी बघ.