जावयाचा पाचवा हिस्सा

देवास, अधिक महिन्यातला रविवार, संध्याकाळ

शेअरबाजारात माझे पैसे जावई सुहासराव सांभाळतात, नफ्यातला पाचवा हिस्सा घेतात. शेजारी म्हणाला, "भिया, ये तो लूट है," अन् तेच डोक्यात बसलं. आज वाण देताना ही अनारसे आणायला आत गेली. मी चांदीचा दिवा पुढे केला आणि हसत म्हटलं, "हा तुमच्या हिश्शातून वजा धरू ना?"

लेकीचा चेहरा उतरला. सुहासराव शांतपणे म्हणाले, "बाबा, यंदा मी काहीच घेतलं नाही. आधी गेल्या वर्षीचा तोटा भरून निघू दे."

आधी त्यांना एकट्यांना विचारलं असतं तर? पण वाण देताना हिशेब! शी!

अनारसे नेले त्यांनी. दिवा पाटाशेजारीच आहे. हिनं आत्ता विचारलं, "अहो, दिवा विसरले वाटतं?"

मी हो म्हणालो.